दौऱ्याची सायकल

आमच्या कचेरीत दोन सायकली होत्या. एक लढाई सुरू व्हायच्या थोडी आधी आलेली, काळी, चकचकीत, कधी कुरकुर न करणारी. दुसरी कोणत्या साली आली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही निजाम सरकारच्या आणि दोन्ही दौऱ्यासाठी. मी देवी टोचणारा होतो. धाराशिवहून निघायचं, गावोगाव फिरून लेकरांच्या दंडावर लस टोचायची, रजिस्टरात नावं लिहायची आणि आठ-दहा दिवसांनी परत यायचं, हे माझं काम. लोक मला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर मी नव्हतो. मराठी सात इयत्ता, कामापुरती उर्दू आणि दवाखान्यात सहा महिन्यांची उमेदवारी, एवढ्यावर मला नोकरी मिळाली होती. वय बावीस. नोकरी कच्ची, त्यामुळं पाठीचा कणाही कच्चाच.

फाल्गुन सरत आला होता. नळदुर्गाच्या पुढं पाच कोसांवर, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका गावाहून पाटलाची चिठ्ठी आली. आणणारा माणूस तीन दिवस चालत आला होता. गावात दोन घरांत देवी आली आहे, एक मूल दगावलं आहे, माणूस ताबडतोब पाठवावा, असं चिठ्ठीत होतं. दवाखान्यातून मला लस मिळाली. केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत ती असायची. त्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी एका लहान मडक्यात ठेवल्या आणि मडकं शिंक्यात घातलं. लसीला ऊन सोसत नाही. फडकं ओलं राहिलं आणि मडकं सावलीत राहिलं, तर त्या दिवसांत ती दोन, फार तर अडीच दिवस टिकायची. चांगली सायकल असली तर ते गाव दीड दिवसाचं होतं. म्हणजे हिशेब बसत होता.

सायकलीची चावी आमच्या पेशकारांकडं असे. पेशकार म्हणजे साहेबांच्या खालोखालचा माणूस. कागद त्याच्या हातातून वर जायचा आणि हुकूम त्याच्याच हातातून खाली यायचा. मी नवी सायकल मागितली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “वो मरम्मत कू गई.”

ती सायकल मी त्याच दिवशी सकाळी पाहिली होती. पेशकारांचा मेहुणा तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे डबे बांधून बाजारातून चालला होता. धाराशिवातल्या निम्म्या लोकांनी ती रोज तशीच पाहिली होती.

मी म्हणालो, “पेशकारसाहेब, जुनीचं काही खरं नाही. लांबचा पल्ला आहे.”

“जो है सो लेके जाव,” ते म्हणाले. “काम करनेवाले कू सायकल क्या, पाँव काफी हैं.”

शेजारचे दोन कारकून हसले. मी ‘जी’ म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मला कुणाकुणाचा राग आला त्याची यादी लांबलचक होईल; पण तिच्यात पहिला मीच आहे. मी ‘जी’ म्हणालो, जुनी सायकल बाहेर काढली आणि तिच्या हँडलला शिंकं अडकवलं.

तुळजापूर यायच्या आधीच मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चर काढायचं सामान मी बरोबर घेतलं होतं, पण सोल्यूशनची नळी दाबली तर आतून वाळलेला डिंक निघाला. कचेरीच्या कपाटात ती किती वर्षं पडून होती देव जाणे. एका लिंबाखाली बसून मी ट्यूबची ती जागा सुतळीनं आवळून बांधली. चाक फिरलं की त्या गाठीवर सायकल ठेचकाळायची. टक, टक, टक. तसाच तुळजापुरात गेलो. तिथं सायकलवाल्याचं एक दुकान होतं. त्यानं ट्यूब हातात घेतली, उन्हात धरली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “ही ट्यूब हाय का चाळण?”

“नवी द्या.”

“कुठली नवी? रबर समदं लढाईवर गेलंय. लढाई सपली की या.”

त्याच्याकडं सोल्यूशन मात्र होतं. त्यानं तीन ठिगळं लावून दिली आणि पुढच्या टायरला पडलेल्या चिरेच्या आत चपलेच्या चामड्याचा तुकडा बसवला. “नळदुर्गापतूर जाईल,” तो म्हणाला. “म्होरचं तुमचं नशीब.” त्यात दुपार गेली. फडकं मी दोनदा भिजवलं. मुक्काम तुळजापुरातच झाला. पहिल्या दिवशी जिथवर पोचायला हवं होतं त्याच्या निम्मं अंतरही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर सोडल्यावर उतार लागला. ब्रेक दाबला तर दांडी खटकन निखळून खाली लोंबायला लागली. पायातली चप्पल पुढच्या चाकावर दाबत मी वेग आवरत होतो. तेवढ्यात त्या चामड्याच्या तुकड्याच्या जागी टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. मी हँडलवरून पुढं फेकला गेलो, सायकल माझ्यावर पडली आणि शिंकं दगडावर आपटलं.

कोपर सोललं, गुडघा फुटला. त्याचं काही नाही. मडक्याचे तीन तुकडे झाले होते. फडक्यातल्या नळ्या एकेक करून पाहिल्या. पाच फुटल्या होत्या, बाकी शाबूत होत्या. पाणी सगळं मातीत गेलं होतं. सायकलीचा पुढचा चिमटा, ज्यात चाक बसतं तो, डावीकडं वाकला होता.

मी त्या सायकलीला लाथ घातली. एकदा नाही, चार-पाचदा. रस्त्यानं एक गाडीवान चालला होता, त्यानं बैल थांबवले आणि म्हणाला, “मुकं जनावर हाय ते, कशाला मारताव?” मला त्याचाही राग आला. पण त्याच्याजवळ पाण्याचा चंबू होता. फडकं त्यानं भिजवून दिलं.

फुटलेली ट्यूब टाकून दिली. धोतराचा अर्धा भाग फाडला, वाळलं गवत उपटलं आणि दोन्ही मिळून पुढच्या टायरमध्ये कोंबलं. असं भरलेलं टायर चालतं, पण बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं आणि दर अर्ध्या कोसाला चिंध्या एका बाजूला सरकतात. मग उतरा, टायर उचकटा, पुन्हा कोंबा. लसीचं फडकं मी सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं होतं. नंतर कळलं की हा शहाणपणा नव्हता. अंगाची ऊब आणि वरचं ऊन, दोन्ही त्या नळ्यांना मिळत होतं. मला वाटत होतं मी त्यांना जपतोय.

नळदुर्गात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. तिथल्या एका ओळखीच्या घरून मला नवं मडकं मिळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाटेला लागलो. अर्धा रस्ता झाला आणि पायडल एकदम हलकं झालं. पाय फिरतायत, चेन फिरतेय, मागचं चाक मात्र जागचं हलत नाही. फ्रीव्हील गेलं होतं. त्याच्या आत दोन बारीक खिट्ट्या असतात, त्यांना सायकलवाले कुत्री म्हणतात. ती कुत्री दात्यांना चावून धरतात म्हणून चाक पुढं जातं. माझी कुत्री झिजून संपली होती.

मी हसलो असेन असं आता वाटतं, पण तेव्हा हसलो नव्हतो. त्या उजाड माळावर, उभ्या उन्हात, मी पेशकारांना मोठ्यानं शिव्या दिल्या. त्यांना, त्यांच्या मेहुण्याला आणि त्या दुधाच्या डब्यांना. ऐकायला एक टिटवी होती. शिव्या संपल्या तरी अडीच कोस बाकीच होते. सायकल तिथंच टाकून द्यावी असं फार वाटलं. पण ती सरकारी होती. टाकली असती तर ती भरून द्यायला माझा जन्म गेला असता. वाकड्या चिमट्यामुळं ती सारखी डावीकडं ओढायची. तिला ढकलत मी गावात पोचलो तेव्हा तिसरा प्रहर उलटून गेला होता.

गावाच्या चावडीपुढं लिंबाखाली बाया लेकरांना घेऊन बसल्या होत्या. कुणीतरी माळावरून मला येताना पाहिलं असावं. त्यांना बोलावून बसवलं होतं ते गावातल्या वाण्यानं. मध्यम वयाचा लिंगायत माणूस, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्म. पहिलं मूल दगावलं होतं ते त्याच्या भावाचं. गावात निम्मे लोक कानडी बोलत, निम्मे मराठी, आणि लस नको म्हणण्यात दोन्ही निम्मे एक होते. देवी आलेल्या घरात फोडणीचा वास काढत नाहीत, लिंबाचा डहाळा दारात बांधतात, देवीला राग येईल असं काही करत नाहीत. मग तिच्या नावानं लेकराला जखम कोण करू देणार? हा वाणी घरोघर हिंडला होता. एकेका उंबऱ्यावर बसून त्यानं आया-बापांच्या विनवण्या केल्या होत्या. ते सगळं मला पाटलानं नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तो पुढं आला, माझ्या हातातली सायकल त्यानं घेतली आणि म्हणाला, “लई वाट बघायला लावली. चला, बसा. कालपासनं बोलावलंय मी बायांना, आज तिसऱ्यांदा बसल्यात.”

मी मडकं उघडलं. फडकं कोरडं आणि गरम होतं. पाणी संपल्याला दोन तास तरी झाले असतील. नळी उजेडात धरली. नुसतं बघून कळत नाही लस जिवंत आहे की मेलेली. पण मला माहीत होतं. आदल्या वर्षी, अशीच उन्हातून आणलेली लस मी बेंबळीच्या बाजूला टोचली होती. आठ दिवसांनी पाहायला गेलो, तर एकाही दंडावर फोड उठला नव्हता. तेव्हा मी गप्प बसलो होतो आणि रजिस्टरात सगळी नावं राहू दिली होती. तिथं साथ नव्हती, म्हणून निभावलं.

इथं साथ होती.

मी पाटलाला आणि वाण्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “लस मेली. ही टोचून काही उपयोग नाही.”

वाण्याला आधी कळलंच नाही. “मेली म्हंजी?”

“रस्त्यात सायकल मोडली. उशीर झाला. उन्हानं खराब झाली.”

पाटील शहाणा माणूस होता. त्यानं बायांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “टोचा की वो डॉक्टर. कुणाला काय कळतंय? लोकांचं समाधान हुईल. तुमच्या बुकात नावं बी चढतील.”

“आणि उद्या लेकरांना देवी आली म्हणजे?”

“ते देवीच्या हातात.”

माझा ताबा सुटला. मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही, पण ‘तुमची पोरं असती तर’ असं काहीतरी होतं, आणि लिंबाखालच्यांतलं एक लेकरू पाटलाचंच होतं. पाटलाचं तोंड काळं पडलं. बायांनी ते सगळं ऐकलं. एकजण उठली आणि ‘ब्याड, ब्याड’ म्हणत, म्हणजे नको, नको म्हणत, लेकरू कडेवर घेऊन चालू लागली. तिच्यामागं दुसरी उठली. बघता बघता लिंबाखाली कुणी उरलं नाही.

वाणी माझ्याकडं बघत होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“माझ्या तोंडानं मी घरोघर सांगितलं,” तो म्हणाला. “सरकारी मानूस येतोय, चांगलं औषध आनतोय. आता म्या त्यांना काय सांगू? तुमची सायकल मोडली म्हनून?”

“मी परत जाऊन ताजी लस आणतो. पाचव्या दिवशी इथं असेन.”

“कशावर येताव? ह्या रहाटगाडग्यावर?”

त्यानं सायकल माझ्या हातात दिली आणि तो निघून गेला. पाटलानं त्या संध्याकाळी भाकरी पाठवली, पण स्वतः आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल ढकलत गावाबाहेर पडलो. ओढ्यापलीकडं घिसाड्यांची दोन पालं होती. हे लोक गावोगाव फिरून विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे तापवून धार काढून, देतात. गाढवावर संसार, जमिनीत भट्टी. एक घिसाडी नुकती भट्टी पेटवत होता. त्याला मी सायकल दाखवली. सायकलीचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. त्यानं चाक फिरवून पाहिलं, पायडल फिरवून पाहिलं आणि बायकोला हाक मारली. दोघांनी आधी चिमटा काढला, भट्टीत लाल केला. तो सांडशीनं धरायचा आणि ती घण घालायची. एवढा मोठा घण ती बाई डोक्यावरून आणायची आणि बरोबर त्याच जागी हाणायची. चिमटा सरळ झाला.

मग तो मागच्या चाकाशी बसला. “हे दात्याचं चक्र मोकळं फिरतंय ना? मंग त्याला चाकालाच बांधू,” तो म्हणाला. जाड लोखंडी तार त्यानं दात्यांच्या चक्रातून आणि चाकाच्या तारांमधून ओवली, चार ठिकाणी पीळ दिला, पकडीनं आवळलं. आता पायडल मारलं की चाक फिरणार होतं. पण चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणार होतं. पाय थांबवायची सोय उरली नव्हती. “उताराला जपून,” तो म्हणाला.

मी विचारलं, काय देऊ? त्यानं पालाकडं बोट केलं. आत तीन लेकरं झोपली होती. “त्या गावातल्या बाया म्हनत हुत्या, तू सुई टोचतो. आमच्यांना बी टोचशील का? का आमची नावं तुज्या बुकात बसत न्हायत?”

खरं म्हणजे बसत नव्हती. रजिस्टरात गावाचं नाव लिहायचा रकाना होता, आणि त्यांना गाव नव्हतं. मी म्हणालो, “टोचीन. चार दिवस इथंच थांबा.”

“पाटलानं राहू दिलं तर थांबू.”

त्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची ती दौड मला अजून पायांत आठवते. नळदुर्गाच्या अलीकडच्या उतारावर सायकलीनं वेग घेतला आणि पायडलं माझ्या पायांना जुमानेनाशी झाली. पाय वर उचलून धरले, तर सुटी फिरणारी पायडलं नडग्यांवर आपटायला लागली. खाली ठेवले, तर गुडघे निखळतील असं वाटायचं. शेवटी मी मुद्दाम रस्त्याकडेच्या झुडपात घुसलो. दोनदा असंच घुसलो. नडग्या सोलून निघाल्या. पुढच्या चाकातल्या चिंध्या संपल्या तेव्हा धोतराचा उरलेला भागही गेला आणि मी लंगोटावर सदरा घालून तुळजापूर ओलांडलं. चढावर मात्र ती बांधलेली सायकल बरी चालायची. चढताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आपण पेशकारांना काय बोलायचं. मी वाक्यं जुळवत होतो. उर्दूतही जुळवली होती, म्हणजे त्यांना नीट लागतील.

धाराशिवात शिरलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार होत आली होती. कचेरीत गेलोच नाही. सरळ पेशकारांच्या घरी गेलो. ओसरीला टेकून ती नवी सायकल उभी होती. मेहुणा आतून रिकामे डबे आणून तिला बांधत होता.

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी जुनी सायकल उचलली आणि ओसरीच्या पायऱ्यांवर आपटली. घिसाड्यानं बांधलेली तार तरीही सुटली नाही. मग मी नव्या सायकलीचे डबे सोडायला लागलो. गाठ सुटेना. मेहुण्यानं माझा हात धरला. मी त्याला ढकललं. तो डब्यांवर पडला. त्या गोंधळानं पेशकार जेवणावरून उठून, उष्ट्या हातानं बाहेर आले.

“किसके हुकुम से?” त्यांनी विचारलं.

“तिकडं लेकरं मरतायत,” मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. रागानं रडू आलं. याची मला आजही लाज वाटते, कारण तिथं गोळा झालेल्या शेजाऱ्यांनी नंतर गावभर सांगितलं ते एवढंच, की देवी डॉक्टरला वेड लागलं, तो अर्धा नागवा येऊन पेशकारांच्या दारात रडत होता. सायकल कुणाची आणि तिच्यावर दूध कुणाचं, हे कुणी बोललं नाही.

पण लोक बघत असतानाच डबे ओढून काढले आणि सायकल मी नेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या नडग्या पाहिल्या आणि ताज्या नळ्या दिल्या. केळीच्या बुंध्याचा सोप, म्हणजे पाणीदार पापुद्रा, कापून आणला, त्यात नळ्या ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळून दिलं. “याने थंड राहील,” ते म्हणाले. “मडक्यापेक्षा बरं.” हे त्यांनी पहिल्या खेपेला का सांगितलं नाही, म्हणून मला त्यांचाही राग आला. मग मी एक धोतर नेसलो आणि निघालो.

त्या नव्या सायकलीवर मी दुसऱ्या दिवशी दुपारी गावात होतो. एकही काटा नाही, एकही ठेच नाही. दीड दिवसाचा रस्ता एका दिवसात झाला होता. जाताना ज्या ज्या ठिकाणी मी पहिल्या खेपेला अडकलो होतो, ती लिंबाची सावली, तो उताराचा दगड, ती टिटवीची जागा, सगळी भराभर मागं पडली, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या अंगाचा भडका उडत होता. हे एवढं सोपं होतं!

ओढ्यापलीकडं पालं नव्हती. भट्टीच्या खड्ड्यात राख होती. देवी ह्याच लोकांनी आणली असं गावात कुणीतरी म्हणालं आणि पाटलानं त्यांना हुसकून लावलं होतं. कुठल्या दिशेनं गेले, ते कुणी सांगेना. त्यांच्या तीन लेकरांचं पुढं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

गावात आणखी चार घरांत देवी आली होती. वाणी दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला नाही. मी म्हणालो, “आणलीय. जिवंत आहे.”

“तुमचं तुमाला ठावं,” तो म्हणाला.

पण थोड्या वेळानं तो चावडीवर आला. कुणी येईना, तेव्हा त्यानं आपला सदरा काढला आणि सगळ्या गावासमोर उघडा दंड माझ्यापुढं केला. “आधी मला टोचा.” त्याला लहानपणी देवी येऊन गेली होती, तोंडावर वण होते, त्याला लसीची गरज नव्हती. मी तसं पुटपुटलो. तो दातओठ खाऊन म्हणाला, “टोचा म्हनतो ना!” मी टोचलं. मग त्यानं घरातून आपली धाकटी मुलगी आणली. मग पाटलाच्या घरातलं लेकरू आलं. दिवस मावळेपर्यंत एकेक करत बरीच लेकरं आली. ज्यांच्या आया उठून गेल्या होत्या, त्यांतल्या काही आल्या, काही आल्याच नाहीत.

आठ दिवस मी तिथंच राहिलो. टोचलेल्या जवळजवळ सगळ्या दंडांवर फोड उठले. पण पहिल्या दिवशी लिंबाखाली बसलेल्यांपैकी दोन लेकरांना मी परत यायच्या आतच ताप भरला होता. त्यातलं एक गेलं. दुसरी मुलगी वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले. ती पाच वर्षांची होती. तिच्या आईनं मला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. देवीनं नेले म्हणाली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की देवीनं नाही नेले, आमच्या पेशकाराच्या मेहुण्यानं नेले, दुधाच्या डब्यांनी नेले. मी सांगितलं नाही. त्या बाईला तेवढाच आधार होता.

आणि खरं तर लस त्या दोघांनाही वाचवू शकली असती की नाही, हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. ताप कधीचा आत मुरला होता, कोण जाणे. मी स्वतःची समजूत घालायला हे अनेकदा म्हणून पाहिलं आहे. समजूत पटत नाही.

परत आलो तर मेमो तयार होता. सरकारी सायकल परवानगीवाचून नेली, एका इसमाला धक्काबुक्की केली, दुसरी सरकारी सायकल जाणूनबुजून नादुरुस्त केली. सगळं अस्खलित उर्दूत, पेशकारांच्या सुंदर अक्षरात. दोन दिवस बसून मी त्याचं उत्तर लिहिलं. काही म्हणता काही सोडलं नाही. वाळलेलं सोल्यूशन, दुधाचे डबे, फुटलेलं मडकं, ती आंधळी झालेली मुलगी. बारा पानं भरली.

साहेबांनी मला समोर बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी बारा पानं नुसती बोटांनी चाळली आणि टेबलाच्या कडेला सरकवली. “तू तरुण आहेस,” ते म्हणाले. “हे फाईलला लावलं तर तुझी नोकरी जाईल आणि त्यांचं काही होणार नाही. एक ओळ लिही. गलती झाली, पुन्हा होणार नाही. मी तुला परांड्याला पाठवतो. इथून लांब आहे. विसरून जाशील.”

पेशकार दाराशी उभे होते. त्यांनी कोरा कागद पुढं केला, दौत जवळ सरकवली.

गावी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो. ‘जी’ म्हणालो आणि ती ओळ लिहिली. अक्षर नीट आलं नाही, म्हणून पेशकारांनी दुसरा कागद दिला आणि मी ती पुन्हा लिहिली, या वेळी नीट. खाली सही केली. माझी बारा पानं मी परत मागितली, तर साहेब म्हणाले, राहू दे इथंच.

परांड्याला मी दोन वर्षं होतो. तिथं सायकल नव्हती. दौरे पायी केले.